‘वरवंटा २’विरुद्ध दोनशे बारा सह्या

७ नोव्हेंबर, शुक्रवार

निवृत्त होऊन महिना उलटला. अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस युनियनचा सेक्रेटरी म्हणून. आमचे वकील म्हणायचे, ‘शेजवळ, जे घडेल ते तारीख-वार घालून लिहून ठेवा. माणूस फिरतो, कागद फिरत नाही.’ निवृत्तीनंतर लिहिण्यासारखं काही घडेना, म्हणून ही वही कोरी पडली होती. आज घडलं. आमची फसवणूक झाली.

आज ‘वरवंटा २’ लागला. चार वर्षांपूर्वी पहिला ‘वरवंटा’ आला तेव्हा आम्ही तिघांनी तो आठ वेळा पाहिला होता. तिघे म्हणजे मी, माझ्याच खात्यातला राजरत्न, आणि उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये सुटकेसचं दुकान असलेला हरेश. काय सिनेमा होता! गोदा नावाची सून. सासरचे तिला विहिरीत ढकलतात आणि नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. मग गोदा हातात वरवंटा घेऊन विहिरीतून वर येते आणि एकेकाला गाठते. सात खून. सातव्याला तर थिएटरात लोक खुर्च्यांवर उभे राहिले होते. फक्त नवरा सुटला. तो दुसऱ्या भागात मरणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तर तो मेला नाही. कोणीच मेलं नाही! दोन तास दहा मिनिटांत एकही खून नाही. गोदा येते, नवऱ्याच्या स्वयंपाकघरात बसते, आणि बसूनच राहते. वरवंटा मांडीवर. नवरा गाय विकत घेतो, ती म्हणते, ‘मला विचारलं का?’ नवरा मुलीचं लग्न ठरवतो, ‘मला विचारलं का?’ घराला रंग काढतो, तेच. मधल्या वेळात पिठात बोटाने अ आ इ गिरवते. हा सूड आहे की बालवाडी? शेवटी नवरा विहिरीवर जाऊन विचारतो, ‘गोदा, थांबतेस की जातेस?’ तर ती वरवंटा खाली ठेवते आणि चालू पडते. संपला सिनेमा. राजरत्नने पडद्यावर रिकामी बाटली मारली. मी सेक्रेटरी असतो तर अडवला असता, पण आता मी साधा सभासद.

बदलापूरला घरी आलो तेव्हा दार प्रीतीने उघडलं. ही माझी मुलगी, सव्वीस वर्षांची, अंधेरीच्या एका कंपनीत कंटेंटचं काम करते. कंटेंट म्हणजे काय ते तिने मला तीनदा समजावलं आहे आणि मी तीनदा मान डोलावली आहे. आज ती घरीच होती, पोटात कसंतरी होत होतं म्हणे. पण नवा कुर्ता घातला होता आणि टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. मी चपला काढता काढता सिनेमाचे वाभाडे काढायला सुरुवात केली.

“आणि विहिरीवरचा सीन?” तिने विचारलं.

“एवढा लांबला की हरेश बाहेर जाऊन समोसा खाऊन आला.”

“अख्खा समोसा?”

“दोन.”

ती आत गेली. पेढे कशाचे ते विचारायचं राहूनच गेलं. बोलण्याच्या भरात मी सहा खाल्ले.

८ नोव्हेंबर, शनिवार

आपलंच मत बरोबर असं धरून चालू नये, म्हणून आज फिरून जनमत घेतलं.

हरेश दुकानात होता. म्हणाला, “साईं, दो घंटा बैठी रही वो. इतना तो मेरे दुकान में गिराक भी नहीं बैठता.” त्याच्या शेजारचा कमरेचे पट्टे विकणारा म्हणाला की भूत मारणार नसेल तर निदान नाचायला तरी हवं होतं. कटिंगवाल्याने वस्तरा माझ्या गळ्यावर धरून सांगितलं की लेखकाला त्याच्याकडे पाठवून द्या. बदलापूरला रिक्षात बसलो तर रिक्षावाल्याने वाट बदलली. मी म्हटलं, इकडून कुठे? तो म्हणाला, “सॉरी काका, तुम्हाला विचारलं का?” आणि शेजारी बसलेला अनोळखी माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. एका दिवसात गावाने चेष्टा सुरू केली आहे.

बाजाराच्या तोंडाशी सखू करांदे, म्हणजे रानातले कंद, घेऊन बसली होती. बारवी धरणाकडच्या वाडीतली आहे, आमची जुनी ओळख. तिने सिनेमा पाहिलेला नाही, म्हणून मी तिला सगळी गोष्ट सांगितली. तिने करांदे तोलता तोलता ऐकून घेतली. म्हणाली, “आमचेकरची भुता कामापुरती येतान, काम करतान न् जातान. बसून काय ऱ्हातंय?” माझं अगदी हेच म्हणणं आहे. मग थोड्या वेळाने म्हणाली, “पन तो घोव पुसत का नय तिला? पुसला असता तं ती कवाच गेली असती.” नवऱ्याने कशाला विचारायचं? गोष्ट तिला नीट कळली नसावी.

संध्याकाळी प्रीतीला सगळी मतं वाचून दाखवली. वस्तऱ्याचं ऐकून तिने स्वतःच्या गळ्याला हात लावला.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. निर्मात्याला निवेदन द्यायचं. नुसतं कोपऱ्याकोपऱ्यावर बोंबलून काही होत नाही, मागण्या लेखी द्याव्या लागतात. तिसरा भाग येणार आहे असं पेपरात आलं आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही.

मसुदा मी केला. माझ्या मसुद्यांची ख्याती आहे. चांगुणा, म्हणजे आमची सौभाग्यवती, पूर्वी उल्हासनगरला बालवाडी चालवायची. २००४ साली बदलापूरला फ्लॅट घेतला तेव्हा तिचा राजीनामा मीच लिहून दिला होता. तिथल्या मोठ्या बाईंनी तो नमुना म्हणून कपाटात ठेवला, असं ऐकलं.

चार मागण्या आहेत. एक, सदर चित्रपटाच्या लेखकास तात्काळ हटवावे. दोन, तिसऱ्या भागात किमान सात खून असावेत. तीन, नवरा मेलाच पाहिजे. चार, भुताने पिठात लिहू नये. शेवटी माझं नेहमीचं वाक्य टाकलं: ‘यातील एकही सही खोटी आढळल्यास संपूर्ण निवेदन रद्द समजावे.’ हे वाक्य मी २०११ सालापासून घालतो. त्या वर्षी कँटीनच्या निवेदनावर आमच्या युनियनमधल्या सुजितने तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गावी गेलेल्या माणसाची सही ठोकली होती. मॅनेजमेंटने तेवढंच धरलं आणि तीनशे कामगारांच्या तोंडाला पानं पुसली. तेव्हापासून माझा नियम आहे, खोटी सही एक असली तरी कागद बाद.

प्रीतीला मसुदा वाचायला दिला. ‘सदर चित्रपटात भुताचे मनोबल खचलेले दिसते’ या वाक्याला ती खूप हसली. मग मागणी क्रमांक एक वाचली आणि हसायची थांबली.

“पप्पा, एखाद्याचं पहिलंच काम असेल ना हे.”

“मग दुसरं दुसरीकडे करू दे. आणि हा जो कोणी लेखक आहे ना, याने बायको नावाचं माणूस जवळून पाहिलेलंच नाही. बाई अशी दोन-दोन तास गप्प बसते का कुठे?”

तिने एका ठिकाणी स्वल्पविराम घातला आणि कागद परत दिला.

सही क्रमांक एक माझी. क्रमांक दोन चांगुणाची. ती कुकर लावत होती. म्हणाली, “मी सिनेमा बघितला नाही, सही कशी करू? बघते आणि सांगते.” एवढा वेळ कुठे आहे? बँकेचे, गॅसचे, सोसायटीचे सगळे कागद मीच करतो, तिची सही माझ्या हाताला पाठ आहे. खरं तर तिच्यापेक्षा माझीच बरी येते. केली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

चांगुणा विहारातल्या सहा बायकांबरोबर दुपारच्या खेळाला गेली होती. आल्यावर कसा वाटला म्हणून विचारलं तर सरळ मोरीत गेली. हातपाय धुऊन स्वयंपाकघरात गेली. आत प्रीती होती. थोड्या वेळाने डोकावलो तर चांगुणा प्रीतीचं तोंड दोन्ही हातांत धरून उभी होती आणि दोघी रडत होत्या. कांदा बऱ्यापैकी चिरलेला होता.

जेवताना मी सांगितलं की रविवारी राजरत्नला जेवायला बोलावलं आहे, वडे-सागुती कर. चांगुणा म्हणाली, “मला विचारलं का?”

मी मनापासून हसलो. हिलाही सिनेमा आवडलेला नाही, हे उघड आहे. सही केली ते बरंच झालं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

एकशे चोपन्न सह्या झाल्या. कारखान्याच्या गेटवरच साठ मिळाल्या. राजरत्नने दोन पाळ्यांना गाठलं. हरेशने प्रत्येक सुटकेसमागे एक सही घेतली.

बायकांचं मात्र काही खरं नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर शलाका राहते, शाळेत शिक्षिका आहे. तिने आधी सही केली, मग सिनेमा पाहिला, मग खाली येऊन स्वतःची सही खोडली. कारण विचारलं तर म्हणाली, “काका, मी शनिवारी परत बघायला चाललेय. आईला घेऊन.” थिएटरवर चौकशी केली. सकाळचे नि रात्रीचे खेळ ओस, आणि दुपारी बाराचा रोज भरलेला, सगळ्या बायका. राजरत्नचं मत असं की बायका इतक्या चिडल्या आहेत की खात्री करायला पुन्हा पुन्हा जातात. मला ते पटलं, तरी सही खोडण्याचं कारण त्यात बसत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

राजरत्न जेवायला आला होता. वडे-सागुती नव्हती. खिचडी होती.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

दोनशे बारा. थांबलो. निर्मात्याचं ऑफिस अंधेरीलाच आहे, प्रीतीच्या ऑफिसच्या इमारतीतच निघालं, काय योगायोग! तिलाच पाकीट दिलं. म्हटलं, पोच घेऊन ये.

तिने सह्यांची पानं चाळली. दुसऱ्या ओळीवर थांबली.

“आईने सही केली?”

“मीच केली. घरातलीच तर आहे.”

तिने त्या सहीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “पप्पा, हे खरंच देऊ? एखाद्याची नोकरी जाईल.”

मी म्हटलं, “बाळा, मागणी मागणीच्या जागी, माणूस माणसाच्या जागी. एकोणीस वर्षांत मी कोणाचा राग धरला नाही. दे बिनधास्त.”

संध्याकाळी पोच घेऊन आली. शिक्का, तारीख, सगळं व्यवस्थित. कामाला पक्की आहे पोरगी. जेवली मात्र नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

उत्तर आलं! रविवारी सकाळी निर्माते स्वतः उल्हासनगरच्या थिएटरात प्रेक्षकांना भेटणार आहेत. पत्रात लिहिलं आहे की ‘तिसऱ्या भागाचे लेखन कोणाकडे द्यावे, याचा निर्णय आपल्या शिष्टमंडळाच्या उपस्थितीत घेण्यात येईल.’ राजरत्नने फोनवर दोनदा जिंदाबाद म्हटलं. मी पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. चांगुणाने विचारलं, कुठे निघालात? सांगितलं. ती म्हणाली, “मीही येणार आहे. आम्ही सगळ्याच येणार आहोत.” पाठिंबा वाढतो आहे.

उद्या बाराच्या खेळाला एकटाच जाऊन सिनेमा पुन्हा एकदा पाहणार आहे. वाटाघाटीला बसताना कागद पाठ असावा लागतो.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सुरुवात कुठून करावी कळत नाही. वकील म्हणायचे, घडलं त्या क्रमाने लिहा. तसं लिहितो.

थिएटरात पुरुष मी एकटाच. सगळीकडे बायका, डबे, पाण्याच्या बाटल्या. पहिल्यांदा गोदा ‘मला विचारलं का?’ म्हणाली आणि कोणी हसलं नाही. दुसऱ्यांदा माझ्या शेजारची म्हातारी तिच्याबरोबरच पुटपुटली. तिसऱ्यांदा अख्खं थिएटर म्हणालं. मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

सिनेमा संपला, लोक उठले, आणि माझी चष्म्याची डबी खुर्चीखाली पडली. ती शोधत मी वाकून होतो म्हणून मागे राहिलो, नाहीतर आम्ही ती शेवटची नावं कधी वाचत नाही. डबी सापडली आणि मान वर केली तर पडद्यावर सरकत होतं: कथा, पटकथा, संवाद – प्रीती चांगुणा शेजवळ.

आधी वाटलं दुसरीच कोणी असेल. मध्ये माझं नाव नव्हतं ना. दारातून एक बाई दुसरीला सांगत होती, “ही आपल्या बदलापूरचीच पोरगी आहे म्हणे.” तेव्हा मी परत बसलो. झाडूवाली येईपर्यंत बसून होतो.

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, ते असं. पेढे. पोटात कसंतरी होणं. विहिरीवरचा सीन. तिच्याच हातून पाकीट पाठवलं मी! आणि तिने नेऊन दिलं, पोच आणली. फाडून टाकलं असतं तर मला कळलंही नसतं.

हे झालं प्रीतीचं. पण थिएटरातून निघाल्यावर मला दुसरंच काही आठवायला लागलं आणि ते अजून थांबत नाही. २००४ साली बदलापूरला आलो तेव्हा पहिले दोन महिने चांगुणा रोज सकाळी दहाला केस विंचरून, नीट साडी नेसून स्वयंपाकघरात ओट्याजवळ बसायची. दहा ही बालवाडीची वेळ. पाच वर्षांची प्रीती समोर, आणि परातीत पीठ पसरून तिला अ आ इ. मी दुसऱ्या पाळीला होतो, सगळं बघायचो. मला वाटायचं, नवी जागा आहे, तिथे वारा येत असेल.

राजीनाम्यावर सही तिची होती. पण माझा मसुदा तिने वाचलाही नव्हता. मी म्हटलं इथे कर, तिने केली. मी तिला विचारलं होतं का, हे मी आज बदलापूर येईपर्यंत आठवून पाहिलं. नाही विचारलं. मला फार लाज वाटली. हे लिहितानाही वाटते आहे.

घरी आलो. प्रीतीने विचारलं, “झाला का अभ्यास?” मी हो म्हटलं. तिने ताटात भाकरी वाढली, आणि मी, ज्याने मॅनेजिंग डायरेक्टरला तोंडावर खडसावलं होतं, मान खाली घालून ती मोडत बसलो.

उद्या काय करायचं? निवेदन मागे घेतलं तर दोनशे लोक ‘का?’ म्हणून विचारतील, आणि कारण सांगितलं तर म्हणतील पोरीसाठी फितूर झाला. न घेतलं तर पोरीचं काम माझ्या हाताने जाणार. नियमाबाहेर मी आयुष्यात गेलो नाही. नियमात काही सापडतं का ते बघतो.

ता. क. सापडलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

थिएटर भरलं होतं. डावीकडे आमचे, कारखान्याचे आणि बाजारातले. उजवीकडे बायका. तिसऱ्या रांगेत चांगुणा, शेजारी शलाका. पडद्यापुढे तीन खुर्च्या. मधल्या खुर्चीत निर्माते, डोक्यावर गॉगल. कडेच्या खुर्चीत प्रीती, मान खाली.

“सेक्रेटरी,” राजरत्न कुजबुजला, “आपली प्रीती तिकडे कशी?”

“ऑफिसचं काम,” मी म्हटलं. यात खोटं काही नव्हतं.

निर्माते म्हणाले की पहिल्या आठवड्यात सिनेमा झोपला, दुपारच्या खेळांनी उठवला, त्यामुळे त्यांना काहीच कळेनासं झालं आहे. मग माझं निवेदन वर धरून म्हणाले, “लेखक बदला, असं दोनशे बारा लोक म्हणतात. शेजवळ साहेबांनी बोलावं.”

माइक हातात आला. असा शेकडो वेळा आला असेल, पण आज मी तो आधी उलटा धरला.

“मुद्दा एकच,” मी म्हटलं. “सदर निवेदनातील सही क्रमांक दोन खोटी आहे.”

डाव्या बाजूच्या माना माझ्याकडे वळल्या.

“कोणी केली?” निर्मात्यांनी विचारलं.

“मी. ती माझ्या पत्नीची सही आहे. तिने सांगितलं होतं की सिनेमा बघून मग सांगते. मी थांबलो नाही. शेवटचं वाक्य वाचा.”

त्यांनी वाचलं: “एकही सही खोटी आढळल्यास संपूर्ण निवेदन रद्द समजावे.”

“समजावे,” मी म्हटलं आणि खाली बसलो.

राजरत्न उठून उभा. “अरे एक गेली तर गेली! दोनशे अकरा बाकी आहेत ना!”

“नियम म्हणजे नियम, राजरत्न.”

“नियम बोलता है!” मागून हरेश ओरडला. “साईं, मैंने एक-एक सिग्नेचर के लिए डिस्काउंट दिया है!”

एवढ्यात उजव्या बाजूने कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “अहो, मग त्या बाईंना आता तरी विचारा!” बायकांनी टाळ्या सुरू केल्या. निर्मात्यांनी माइक तिसऱ्या रांगेत पाठवला. चांगुणा उभी राहिली. पदर सारखा केला. बालवाडीत पालकांच्या सभेला उभी राहायची, अगदी तशी.

“मला आवडला सिनेमा,” ती म्हणाली. “विहिरीपाशी जरा लांबलाय. तेवढं पुढच्या वेळी बघा. पण ती बाई खरी आहे.” मग प्रीतीकडे बघून म्हणाली, “मी सही केली नाही, बाळा. करणारही नव्हते.”

निर्मात्यांनी ‘बाळा’वरून दोघींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या कागदावरच्या आडनावाकडे. “एक मिनिट,” म्हणाले. त्यानंतर काय झालं ते क्रमाने सांगता येत नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. फक्त राजरत्नचा आवाज सगळ्यांच्या वर होता: “सेक्रेटरी! हे तर मॅनेजमेंटशी संगनमत झालं!”

आरोप अगदीच खोटा नव्हता. मी ते मुलीसाठी केलं की खरं होतं म्हणून केलं, हे मला अजून ठरवता येत नाही. दोन्ही एकाच दिवशी जुळून आलं, एवढंच लिहितो.

बाहेर आल्यावर प्रीतीला म्हटलं, “मला आधी सांगायचंस तरी.”

“त्याच दिवशी सांगणार होते. पेढे आणले होते, पप्पा. तुम्ही चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत स्वतःला.”

“पेढे चांगले होते,” मी म्हटलं. ती हसली, आणि मग मला रडू आलं, भर रस्त्यात, रसाच्या गाडीसमोर. चांगुणाने पिशवीतून रुमाल काढून दिला. रसवाला म्हणाला, काका, लिंबू मारून देऊ? देऊ दिलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

तिसरा भाग प्रीतीकडेच राहिला. अट एकच, निदान दोन खून हवेत. कोणाला मारावं म्हणून तिने आम्हाला विचारलं. राजरत्न अजून रुसलेला आहे, पण निरोप पाठवला आहे की एका खुनात मरायला तो स्वतः तयार आहे, फक्त नाव खरं घालावं. हरेशला भूत सुटकेसमधून यायला हवं आहे.

३० नोव्हेंबर, रविवार

आज चांगुणा तांदूळ निवडत होती. समोर बसलो. एक शिकरण-पोळीचं बोललो, एक सोसायटीच्या पाण्याचं बोललो, मग विचारलं.

“बालवाडी सोडायची होती का तुला?”

तिने हात थांबवले नाहीत. “एकवीस वर्षांनी विचारताय?”

“हो.”

“नव्हती.”

एवढंच. पुढे तिने दोन खडे काढून बाजूला ठेवले. मी उठलो नाही, बसून राहिलो. गोदेसारखा दोन तास नाही, पण तांदूळ संपेपर्यंत.

४ डिसेंबर, गुरुवार

चिखलोलीला नव्या इमारती चालल्या आहेत. तिथे काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी एक संस्था बालवाडी काढते आहे, बाई हवी आहे. शलाकाने सांगितलं. चांगुणा दोन दिवस अर्ज लिहीत होती. चार कागद फाडले. माझे हात नुसते शिवशिवत होते, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ किती वेळा ओठावर आलं ते माझं मला ठाऊक. शेवटी प्रीतीने मला भाजी आणायला बाहेर पाठवलं.

आज सकाळी चांगुणाने पाकीट माझ्या हातात दिलं. डिंकाने घट्ट चिकटवलेलं. म्हणाली, तुम्ही रिकामेच आहात, नेऊन द्या.

“एकदा नजरेखालून घालू का?” मी विचारलं.

“नको.”

चिखलोलीला गेलो. टेबलावरच्या मुलीने पाकीट घेतलं, नोंदवही पुढे केली आणि म्हणाली, इथे सही करा. मी पेन उघडलं आणि थांबलो. विचारलं, कोणाची? अर्जदाराची की आणणाऱ्याची?

ती म्हणाली, आणणाऱ्याची.

मग माझी केली.